जुमलेदार साळोजी भिवरथडे यांच्या रजेबाबत

त्या साली मी माझ्याच घोडीच्या मागून पायी चालत लढाईला गेलो.

गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. असं काही झालंच नाही, अशी थोरल्या पातीच्या देशमुखांनी भैरोबापुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली आहे. धाकट्या पातीच्या देशमुखांनीही घेतली आहे. आमच्या निंबखोरे तर्फेतल्या साऱ्या गावांत, देशमुखी घराच्या या दोन पात्यांचं एकमत झालेली गोष्ट सहसा सापडत नाही. सापडली तर ती मोडून पाप कोण लावून घेईल? तेव्हा झालं नाही. जे झालं नाही ते असं झालं.

भैरोबाच्या देवळापुढे जाजम अंथरलं होतं. जाजमाच्या मधोमध पितळेचं तबक आणि तबकात एकच विडा, लवंग टोचून मिटलेला. तबकाच्या एका अंगाला थोरल्या पातीचे सुभानराव, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचे रायाजीराव. दोघे सख्खे चुलतभाऊ, एकसारख्या मिशा. त्यांच्या बापांच्या वेळी पोळ्याला कोणाचा बैल आधी वेशीतून गेला यावरून बोलणं थांबलं होतं. बैल केव्हाच मेले. बोलणं सुरू झालं नाही.

किल्ल्यावरून आलेले बाबदेव सबनीस दोघांच्या मधे बसले होते. चेहरा असा, की हसू आलं तर त्यांनी आधी त्याची परवानगी काढली असती.

"हुकूम असा आहे," सबनीस म्हणाले. "तर्फेने आपल्या शिलेदारांची एक तुकडी उभी करावी आणि तुकडीचा जुमलेदार आपल्यातूनच नेमावा. विडा ठेवला आहे. भैरोबाच्या साक्षीने सांगतो, हा विडा जो कोणी उचलेल तो जुमलेदार. उचललेला विडा मागे ठेवता येत नाही आणि एका पदाला दुसरा विडा लावता येत नाही."

"आन् कोणीच न्हाई उचलला तर?" कोंडाजी पाटलांनी विचारलं. पाटील आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे. दोन्ही पात्या त्यांच्याशी बोलत, म्हणून त्यांना कधी उसंत नसे.

"तर या तर्फेला स्वतःचे शिलेदार पेलत नाहीत असं धरलं जाईल. दिवस मावळला की सगळे घोडे सरकारी पागेत जमा. माणसं बारगीर. पागेतला जो घोडा देऊ त्यावर बसायचं, उतर म्हटलं की उतरायचं."

मागे पिंपरणीखाली घोडे बांधले होते. 'सगळे घोडे' म्हणताच आम्ही शिलेदारांनी एकदम मागे वळून पाहिलं. आम्ही गरीब शिलेदार. एकेकाचा एकेक घोडा, आणि त्या घोड्यावरच शिलेदार म्हणायचे. माझी साळू होती. भीमेकाठची बुटकी भिवरथडी घोडी, रंग जुन्या गुळासारखा. शिंगरू असल्यापासून माझ्या बायकोने, राहीने, तिला आपल्या हाताने वाढवली आणि एक खोड लावली. राही दुपारी पान खाई आणि अर्धं पान साळूला देई. पुढे पुढे साळू माझ्याही काखेत तोंड खुपसू लागली, कारण माझी पानाची चंची तिथे लटके. चंचीत पान असलं तरच हं. रिकामी चंची तिला दुरून कळायची. मग ती माझ्याकडे ढुंकून पाहत नसे.

निघताना राही म्हणाली होती, "सभा करा न्हाईतर काशीला जा. घोडीबिगर घरी यायचं न्हाई."

तर, विडा. सुभानरावांनी आभाळाकडे बघत सांगितलं, "पाटील, धाकट्यांना सांगा, थोरली पाती हात लांब करून काय घेत नसती. मान आपल्या पायानं चालत येतो."

पाटील रायाजीरावांकडे वळले. "थोरले म्हणत्यात..."

"ऐकलं. बहिरा न्हाई मी. त्यांना सांगा, घ्या खुशाल. पण मग आमचे घोडे त्यांच्या हुकमात चालायचे न्हाईत. आज्यानं शपथ घातलीया."

"आन् तुम्ही उचलला तर?"

"तर त्यांचे चालायचे न्हाईत. त्यांच्याबी आज्यानं घातलीया."

"आजा एकच की वो तुमचा."

"एकच. पण दोघांना येगयेगळी घातली."

सबनिसांनी मान हलवली. नियमाला धरून असलेली कुठलीही गोष्ट त्यांना आवडत असावी.

असं बसणं चाललं. दोघेही उठायला तयार नव्हते, कारण उठला तो हरला. हात पुढे करायलाही तयार नव्हते, कारण हात पुढे केला तो हावरा. सुभानरावांनी एकदा मांडी बदलली तर धाकट्या पातीच्या माणसांचे हात तलवारींच्या मुठींशी गेले. रायाजीरावांना शिंक आली. ती त्यांनी गिळली.

ऊन सरकत सरकत तबकावर आलं. पानाच्या कडा मऊ पडू लागल्या.

"पंत," पाटील म्हणाले, "इडा सुकतोय."

"दिसतंय. सुकलेला विडा म्हणजे सुकलेलं पद. सुकलेलं पद मला वर कळवता यायचं नाही."

"मग तबक सावलीत ठिवू का?"

"तबक उचललंत तर विडा उचलल्यासारखंच होईल. पाटील, तुम्हाला जुमलेदार व्हायचं आहे?"

पाटलांना स्वतःचे गुडघे उचलायलाही दोन माणसं लागत. "न्हाई जी," ते घाईने म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि आमच्या तर्फेत अजूनही सांगितला जातो तो तोडगा काढला. "इडा हलवायचा न्हाई. खालची भुई हलवायची. जाजम वढा."

सबनिसांनी डोळे मिटून विचार केला. "भुई हलवायला हरकत दिसत नाही."

"राव, जरा उठता का?" मी सुभानरावांना विचारलं.

"त्यांना उठवा आधी."

"राव, तुम्ही?"

"त्यांना उठवा आधी."

म्हणून आम्ही जाजम दोन्ही देशमुखांसकट ओढलं. आठवलं की अजून डोळ्यांपुढे येतं: तर्फेतली दोन सगळ्यांत मोठी माणसं, पाठी ताठ, मिशा समपातळीत, समोरासमोर बसून देवळाच्या आवारातून घसरत चालली आहेत, आणि मधे तबक, आणि शेजारून सबनीस तबकावर नजर ठेवून चालताहेत. वाटेत दगड आला तेव्हा दोघेही एकाच वेळी उडाले. कोणी आधी उडालं नाही, म्हणून तंटा झाला नाही.

पिंपरणीच्या सावलीत जाजम थांबलं. आम्ही घाम पुसत होतो. साळूचा दोर लांब होता. मान अवघडते म्हणून राहीची तशी ताकीद होती. साळूने मान लांब केली. तिला मानपान ठाऊक नव्हता. पान ठाऊक होतं.

विडा एका घासात गेला. चावण्याचा आवाज सगळ्या सभेने ऐकला. मग तिने लवंग तेवढी थुंकली, ती सुभानरावांच्या मांडीवर पडली.

मी डोळे मिटले. मला वाटलं, आता तलवारीचा वार येईल तो तिच्या मानेवर की माझ्या? बराच वेळ काही आलं नाही म्हणून डोळे उघडले. सबनीस तबकात वाकून पाहत होते.

"विडा उचलला गेला," ते म्हणाले.

"पंत, घोडीनं खाल्ला," पाटील म्हणाले.

"उचलल्याशिवाय खाता येत नाही."

"पण ती जनावर हाय!"

"मी काय म्हणालो होतो, पाटील? 'जो कोणी.' भैरोबा साक्षीला आहे. माणूस असावा असं म्हणालो होतो का?"

पाटलांनी भैरोबाकडे पाहिलं. भैरोबाने काही सांगितलं नाही.

"लवंग थुकली की तिनं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "म्हंजे इडा पुरता घेतला न्हाई."

"लवंग विडा मिटण्यापुरती असते. पदाशी तिचा संबंध नाही." सबनीस सरळ बसले. "आता दोन वाटा आहेत. एक, नेमणूक मान्य करा. दोन, नेमणूक अमान्य करा. मग विडा गेला, दुसरा लावता येत नाही, तर्फेला जुमलेदार नाही. घोडे सोडा."

तेवढ्यात सुभानरावांनी मांडीवरची लवंग दोन बोटांत धरून बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाटील, ही घोडी कोणत्या पातीची?"

"कोणत्याच न्हाई. चाहूची हाय." चाहू म्हणजे मी, चाहूजी.

रायाजीराव पाटलांनी निरोप सांगायची वाट न पाहता म्हणाले, "मग पाटील, थोरल्यांना सांगा, मला चालतीया. घोडीच्या हाताखाली जायला कमीपणा न्हाई. त्यांच्या हाताखाली मातुर हाय."

"त्या घरातनं पहिल्यांदा शहाणपणाचं बोलणं आलं," सुभानराव म्हणाले. "त्यांना सांगा, मलाबी चालतीया."

आणि दोघे एकाच वेळी उठले.

"नाव?" सबनिसांनी मला विचारलं.

"चाहूजी."

"तुमचं कोणी विचारलं? जुमलेदारांचं."

"साळू."

"वर वाचतील तेव्हा हसतील. साळोजी. आडनाव?"

"घोडीला कुठलं आडनाव, पंत? भिवरथडीची हाय."

"साळोजी भिवरथडे. वडील?"

"तांबडे होते. पळायला बरे."

"एवढं पुरे."

जुमलेदार साळोजी भिवरथडे यांनी शेपटीने माशी हाकलली. दोन्ही पात्यांनी मुजरा केला.

मला काय, आनंदच झाला. घोडी पागेत जाणार नव्हती. घरी येऊन मी राहीला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जुमलेदाराला दिसाचं पान किती लागतं?" आणि माझी चंची ठासून भरली. मग साळूच्या कपाळावरून हात फिरवून मला म्हणाली, "तिला घिऊन या. नुसतंच तोंड घिऊन आलात तर दार लावून घीन."

सकाळी तुकडी निघायला उभी राहिली. मी रिकिबीत पाय घातला.

"खाली उतरा," सबनीस म्हणाले.

"का जी?"

"शिलेदाराने जुमलेदाराच्या पाठीवर बसायचं? कुठल्या सैन्यात पाहिलंत?"

"मग मी कशावर बसू?"

"शिलेदाराचा स्वतःचा घोडा असतो. तुमचा आहे?"

"होता. तो जुमलेदार झाला."

"मग तुम्ही प्यादे. जुमलेदारांच्या दिमतीला मागून चला."

मी लगाम धरून पुढे चालू लागलो, तर तेही त्यांना पटलं नाही. लगाम ओढणं म्हणजे वरच्याला हुकूम देणं. मी लगाम तिच्या मानेवर टाकला आणि मागे गेलो. अशा रीतीने मी लढाईला निघालो. निघालो नाही, पण निघालो.

आम्हाला जायचं होतं चिंचोलीच्या खिंडीकडे. पलीकडून शत्रूचे स्वार येऊन वस्त्या लुटत होते. खिंडीपलीकडेच चिंचोलीचा बाजार. साळूला तो रस्ता तोंडपाठ होता, कारण राहीचा तांबोळी तिथे बसायचा. त्यामुळे दिशा चुकली नाही. पण चाल जुमलेदारांच्या मर्जीची. हरभऱ्याचं शेत लागलं की तुकडी थांबे. जुमलेदार पोटभर पाहणी करत. मग तुकडी पुढे.

पहिल्या थांब्यावर साळूने डावा कान हलवला.

"पाटील..." सुभानराव म्हणाले आणि थांबले. पाटील घरी होते. गुडघ्यांमुळे आले नव्हते. सुभानरावांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळी तुकडी इकडे तिकडे पाहू लागली. शेवटी त्यांनी समोरच्या बाभळीला सांगितलं, "डावा कान म्हंजे डाव्या अंगाला माणसं पेरा."

"माशी बसलीया," रायाजीराव त्याच बाभळीला म्हणाले.

"माशी उजव्या कानावर हाय."

"मग डावा कशाला हलवल?"

"तेच तर म्हणतोय मी तुला!"

बाभळ बाजूलाच राहिली. 'तुला' हा शब्द गेला तो थेट रायाजीरावांना लागला. दोघेही एकदम गप्प झाले, जशी दोन माणसं अंधारात एकमेकांवर आदळावीत. मग रायाजीराव हळूच म्हणाले, "बरं. पेर माणसं." डाव्या अंगाला माणसं पेरली.

त्यानंतर दोघांना खळ नव्हता. साळूने शेपूट उडवली की वाद, फुरफुरली की वाद, लीद टाकली तर मोठा वाद. पण वाद समोरासमोर. मुक्कामाला दोघे एकाच चुलीशी बसले. जुमलेदारांनी खूर आपटला त्याचा अर्थ लावता लावता भाकरी कोणाची कोणी खाल्ली तेही कळलं नाही. मी शेजारी साळूला पान देत होतो. मी मुकाट ऐकलं. प्याद्याला मत नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीच्या तोंडाशी पोचलो आणि शत्रूचे स्वारही त्याच वेळी पोचले. दोन्हीकडच्यांना ते अवघड वाटलं. ते आमच्याहून जास्त होते. त्यांचा म्होरक्या उंच काळ्या घोड्यावर पुढे आला, त्याने आमच्या तुकडीचा म्होरक्या शोधला आणि त्याला दिसली एक रिकाम्या खोगिराची बुटकी घोडी. त्याने पुन्हा शोधला. मग तिच्या मागे उभा असलेला मी दिसलो. एकटा पायी. त्याने भाला खाली केला आणि घोडा माझ्यावर घातला.

"चाहू, बस की तिच्यावर!" सुभानराव ओरडले.

"बस लेका!" रायाजीराव ओरडले.

"हुकमाशिवाय बसायचं नाही!" सबनीस एका शिळेमागून ओरडले.

"हुकूम न्हाई, राव!" मी म्हणालो.

"कुणाचा हुकूम पायजे तुला?"

"जुमलेदारांचा!"

आता वाटतं, बसायला हवं होतं. पण एक ध्यानात घ्या. मी बसलो असतो आणि ती नुसती घोडी ठरली असती, तर नेमणूक गेली, तुकडी गेली, सगळ्यांचे घोडे पागेत. हे मी त्या वेळी विचार करून ठरवलं असं म्हणत नाही. त्या वेळी मी भाल्याच्या टोकाकडे बघत होतो. ते वाढत होतं.

तेव्हा साळू मागे वळली. चार पावलं माझ्याकडे आली आणि तिने माझ्या काखेत तोंड खुपसलं. एकदा. मी हललो नाही म्हणून परत एकदा, जोरात, असं की मी फिरून रिकिबीवर जाऊन आपटलो.

"हुकूम झाला!" मी ओरडलो आणि वर चढलो.

लढाईचं फार सांगण्यासारखं नाही. साळूला बाजाराचा रस्ता माहीत होता आणि तो शत्रूच्या मधून जात होता. ती उधळली. माझ्या हाती लगामही नव्हता, तो गळ्यात लोंबत होता. काळा घोडा बिचकून बाजूला झाला, म्होरक्या भाल्यासकट खड्ड्यात. मागून सुभानराव म्हणाले, "जुमलेदार निघालं!" रायाजीराव म्हणाले, "दिसतंय मला!" आणि तर्फेच्या इतिहासात पहिल्यांदा दोन्ही पात्यांचे घोडे एकत्र उधळले. समोरून येणाऱ्या लोकांना वाटलं असावं की यांच्यामागे मोठी फौज आहे, नाहीतर कोण असं येतं? ते पांगले. आम्ही थांबलो ते तांबोळ्याच्या दुकानापुढे. तांबोळी फळीखाली बसला होता. साळूने फळीवरून पान घेतलं.

सबनीस संध्याकाळच्या आत पोचले. पगडीवर काटे होते. ते काढण्याआधी त्यांनी चौकशी मांडली.

"चाहूजी, जुमलेदाराच्या पाठीवर बसलात."

"हुकूम झाला म्हणून बसलो, पंत."

"काखेत तोंड खुपसलं. तुमची चंची तिथेच असते. मला माहीत आहे, मी दोन दिवस पाहतो आहे. तेव्हा शपथेवर सांगा, तो हुकूम होता की पानासाठी झोंबणं?"

"फरक काय पडतो, पंत?"

"पानासाठी असेल तर ती नुसती घोडी, आणि हुकूम देता न येणारा जुमलेदार नेमता येत नाही. मग नेमणूक चुकली होती असं मला वर कळवावं लागेल. नेमणूक रद्द, घोडे पागेत. तुमची मात्र काही चूक नाही. स्वतःच्या घोडीवर बसलात. हुकूम असेल, तर तो असा जुमलेदार आहे की ज्याने आपल्या प्याद्याला वाचवलं आणि खिंड मारली. असा माणूस तर्फेत ठेवता येत नाही. किल्ल्यावर न्यावा लागेल."

म्हणजे साळू दोन्हीकडून जात होती. एकीकडून एकटी जाणार होती, दुसरीकडून सगळ्यांना घेऊन.

मी तांबोळ्याच्या दुकानाकडे पाहिलं. सुभानराव आणि रायाजीराव एकाच ओट्यावर बसून भांडत होते. खिंडीत कोणाचा घोडा जुमलेदारांच्या उजव्या अंगाला होता यावर. रायाजीराव बोलता बोलता सुभानरावांच्या दंडावरची जखम फडक्याने बांधत होते. गाठ फार आवळली तेव्हा सुभानरावांनी त्यांना शिवी दिली. थेट, तोंडावर. घरच्या माणसाला देतात तशी.

"हुकूम होता, पंत," मी म्हणालो.

"शपथेवर?"

"शपथेवर."

सबनिसांनी पगडीवरचा एक काटा काढला. "चांगला जुमलेदार गमावताय."

"मी बरोबर येतो. तिला खरारा कोण करील?"

"तुम्ही प्यादे. प्याद्यांची भरती वेगळीकडे होते."

निघताना त्यांनी तांबोळ्याकडून पानांचा जुडगा घेतला. साळू त्यांच्यामागून गेली. वळून पाहिलं नाही. मला राग आला नाही. पद मिळालं की वागणं बदलतं, हे आम्ही देशमुखांकडे पाहिलेलं होतं.

घरी गेलो. राहीने माझ्या मागे पाहिलं, लांबवर पाहिलं, आणि दार लावून घेतलं. शब्दाची पक्की. मी गोठ्यात झोपलो. जागा होतीच.

पुढचा पोळा आला तरी दोन्ही पात्या बोलत होत्या. मग शेजारच्या तर्फेतले लोक आमच्या देशमुखांना 'घोडीचे सरदार' म्हणू लागले. सोयरिकी अडल्या. तेव्हा दोघांनी मिळून भैरोबापुढे शपथ घेतली की असं काही झालंच नाही. ती शपथ ठरवायला दोघे एका खोलीत बसले होते, दारं लावून, आणि बाहेर हसण्याचा आवाज येत होता असं पाटील सांगत. त्या पोळ्याला दोघांचे बैल जोडीने वेशीतून गेले. वेस रुंद करून घेतली होती.

मी किल्ल्यावर अर्ज केला, माझी घोडी परत द्या. उत्तर आलं, पागेत या वर्णनाची घोडी नाही. या वर्णनाचे जुमलेदार आहेत, ते कोणाला देता येत नाहीत. मी तर्फेकडे गेलो, तुम्ही नेमलेला जुमलेदार परत बोलवा. तर्फ म्हणाली, असा जुमलेदार आम्ही कधी नेमलाच नाही, शपथ आहे. मग मी निदान रजा मागितली, काही दिवसांची, घरी येऊन जाण्यापुरती. त्याचं उत्तर सबनिसांच्या हाताचं होतं. जुमलेदाराच्या रजेचा अर्ज जुमलेदाराने स्वतः करावा.

राहीने ते दुसऱ्यांदा वाचून घेतलं. "तिला लिव्हायला शिकवायला पायजे हुतं," ती म्हणाली. "नुसतं पान शिकवलं."

आता राहीचे केस पिकले. माझे गेले. घोड्यांचं आयुष्य पाहता साळू आता नसावी. पण जुमलेदार साळोजी भिवरथडे पदावरून कमी झाल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही, तेव्हा आहेत. राही दुपारी पान खाते. अर्धं बाजूला ठेवते. संध्याकाळी ते मी खातो. वाया कशाला घालवायचं?

एक गोष्ट मी सबनिसांना सांगितली नाही, कारण त्यांनी विचारली नाही. त्यांनी शपथ घातली ती हुकूम की पान, एवढ्याचीच. चंचीत काय होतं, हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं. राहीने भरून दिलेली पानं आदल्या मुक्कामालाच संपली होती. शेवटचं चुलीशेजारी दिलं होतं. खिंडीत साळूने माझ्या काखेत तोंड खुपसलं तेव्हा चंची रिकामी होती.

तरी मायबाप सरकारास चाहूजी, वस्ती निंबखोरे, तूर्त प्यादे, यांची विनंती ऐशी जे: जुमलेदार साळोजी भिवरथडे यांनी रजेचा अर्ज स्वतः करणे, हा नियम एका वेळेपुरता ढिला करावा. त्यांना लिहिता येत नसले तरी त्यांचे मनात काय आहे ते अर्जदारास एकदा कळले आहे. घरगुती कारणाकरिता रजा मंजूर व्हावी. रजेत त्यांचेवर कोणी बसणार नाही, लगाम कोणी धरणार नाही, अर्जदार मागून चालेल. दोर लांब ठेवला आहे. चंची भरली आहे. हे विनंती.